लोखंड चौसष्ट आलं म्हणून इंजिन उघडायचं?

"साहेब, रिपोर्टमध्ये लोखंड चौसष्ट आलंय. मिस्त्री म्हणतोय, इंजिन खोलावं लागेल."

नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या एका पिकअपमालकाचा हा फोन. असे फोन मला वरचेवर येतात. वापरलेल्या ऑइलची बाटली प्रयोगशाळेत जाते, काही दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येतो, त्यात एखादा आकडा लाल असतो आणि त्या एका आकड्यावर इंजिन उतरवायचं ठरतं. भर हंगामात गाडी गॅरेजात, हप्ता चालूच, वर रिंगा-बेअरिंगांचा खर्च. मला याचा राग येतो. जी तपासणी इंजिन उघडावं लागू नये म्हणून करायची, तिच्याच नावाने धडधाकट इंजिनं उघडली जातात.

आधी चौसष्ट म्हणजे किती ते पाहू. रिपोर्टमधला हा आकडा पीपीएममध्ये असतो, आणि एक पीपीएम म्हणजे एक किलो ऑइलमध्ये एक मिलिग्रॅम. अशा गाडीच्या चेंबरमध्ये सहा-सात लिटर, म्हणजे साडेपाच-सहा किलो ऑइल धरू. त्यात ६४ पीपीएम लोखंड म्हणजे सगळं मिळून ३५० ते ३८५ मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तेही एका ठिकाणचं नव्हे. लायनर, कॅमशाफ्ट, क्रँक, गिअर, ऑइल पंप असे सगळे लोखंडी भाग थोडे थोडे झिजून ते साठलेलं असतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो : हे ऑइल किती किलोमीटर चाललं? या रिपोर्टवर ती जागा कोरीच होती. विचारल्यावर कळलं, ११,०००. म्हणजे हजार किलोमीटरला सहाच्या आत. हेच चौसष्ट ४,००० किलोमीटरमध्ये आलं असतं तर दर हजारी १६ पडले असते, आणि मीही काळजीत पडलो असतो. किलोमीटर लिहून दिले नाहीत, तर प्रयोगशाळा तुमच्या आकड्याची तुलना सरसकट मर्यादेशी करते आणि ओलांडली की लाल रंग देते. तिची चूक नाही, तिला दिलेली माहितीच अर्धी असते.

दुसरा प्रश्न : मागचा रिपोर्ट कुठे आहे? तो नव्हताच. ताप एकदाच मोजून तो चढतोय की उतरतोय हे सांगता येत नाही. १९४६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने डिझेल लोकोमोटिव्हच्या वापरलेल्या ऑइलमधले धातू तपासून इंजिनातले बिघाड आधीच ओळखून दाखवले. तेव्हापासून या कामाचा आधार तोच आहे : एकाच इंजिनाचे ठरावीक अंतराने घेतलेले नमुने आणि त्यांतला चढउतार.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो जवळजवळ कोणी विचारत नाही : लोखंडाबरोबर आणखी काय वाढलंय? शिसं, कथील आणि तांबं सोबत वाढली असतील तर नजर बेअरिंगकडे वळवायची. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र आले तर कूलंट कुठून शिरतंय ते शोधायचं. या गाडीत शिसं जेमतेम २ होतं, कूलंटचा मागमूस नव्हता. पण सिलिकॉन ३१, अ‍ॅल्युमिनियम १४ आणि रिंगांचं क्रोमियम ६ होतं. सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम हे मातीतले मुख्य घटक. ते दोन्ही, आणि त्यांच्यासोबत रिंगा-लायनरचे धातू, असे एकत्र वाढले की इंजिन धूळ खातंय असं समजावं. मी मालकाला एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज हाताने चाचपायला सांगितला. क्लिपच्या खाली तो चिरला होता. होज बदलला. इंजिनाला पान्हा लावावा लागला नाही.

म्हणजे चौसष्ट खोटं नव्हतं. झीज होत होती. पण तिचं कारण इंजिनाबाहेर होतं. रिंगा बदलून गाडी त्याच फाटक्या होजवर परत रस्त्यावर आली असती, तर नव्या रिंगांनीही तीच धूळ खाल्ली असती.

उलट काही वेळा आकडा मोठा असतो आणि झीज नसतेच. नव्या गाडीच्या पहिल्या एक-दोन नमुन्यांत अ‍ॅल्युमिनियम आणि पोटॅशियम जोडीने चढलेलं दिसलं, की 'पिस्टन गेला, हेड गॅस्केट गेलं' असा निष्कर्ष निघतो. इंटरकूलरची अ‍ॅल्युमिनियमची जोडणी करताना वापरलेल्या फ्लक्समध्ये हेच दोन घटक असतात आणि त्याचे अवशेष हवेबरोबर आत येतात. पुढच्या नमुन्यांत हे आकडे उतरत जातात. नव्या ऑइल कूलरमधलं तांबं ऑइलमध्ये उतरतं, त्याचंही तसंच. आणि सिलिकॉन एकटंच वाढलं असेल, तर गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉन सीलंटची आठवण ठेवा.

याची दुसरी बाजू मला जास्त धोक्याची वाटते : 'लोखंड कमी आलं, म्हणजे इंजिन ठणठणीत.' धातू मोजण्याची नेहमीची पद्धत, एएसटीएम डी ५१८५, अगदी बारीक कण पाहते. साधारण पाच ते दहा मायक्रॉनच्या पुढचे कण तिच्या हाती नीट लागत नाहीत. बेअरिंगचा किंवा गिअरचा टवका उडाला, तर तो रिपोर्टमध्ये नाही, फिल्टरमध्ये सापडेल. ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहा. चमकणारे तुकडे दिसले, तर रिपोर्ट कितीही स्वच्छ असो, गाडी थांबवा.

व्हिस्कॉसिटीबद्दलही असाच खोटा दिलासा मिळतो. १५डब्ल्यू-४० ऑइलची व्हिस्कॉसिटी १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावी, असं एसएईचं जे३०० मानक सांगतं. आकडा १४ आला की सगळे निश्चिंत. पण ऑइलमध्ये डिझेल उतरलं की ते पातळ होतं, काजळी साठली की घट्ट होतं. दोन्ही एकदम झालं, तर आकडा जागच्या जागी राहतो आणि ऑइल मात्र कामातून गेलेलं असतं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या अनेक इंजिनांत त्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. म्हणून डिझेल आणि काजळी यांचे वेगळे आकडे बघा. ऑइलच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली, तर रिपोर्टची वाट बघू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं नाही. डिझेल इंजिनाची काजळी ते स्वतःत तरंगत ठेवतं, ते त्याचं कामच आहे. जस्त ११०० आलं म्हणून घाबरू नका. जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम ही ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली रसायनं आहेत. ऑइल जितक्या लवकर बदलू तितकी झीज कमी, हेही सरळ खरं नाही; फोर्ड आणि कोनोकोफिलिप्सच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, पेट्रोल इंजिनाच्या व्हॉल्व्ह यंत्रणेवरच्या अभ्यासात ताज्या ऑइलपेक्षा वापरलेल्या ऑइलमध्ये झीज कमी दिसली होती.

आणि नमुना नीट घ्या. गाडी चालवून ऑइल गरम असताना चेंबरचा बोल्ट काढा, पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेखाली कोरडी, स्वच्छ बाटली धरा. तळाचा गाळ भरलात तर गाळाचाच रिपोर्ट येईल. बाटलीवर किलोमीटर, ऑइलचं नाव आणि मध्ये किती ऑइल टाकलं ते लिहा. जमलं तर त्याच ऑइलचा एक नवाकोरा नमुनाही पाठवा, म्हणजे मुळात त्यात काय होतं ते कळेल.

त्या पिकअपचा दुसरा नमुना हंगाम उतरताना आला. ६,००० किलोमीटर, लोखंड २१, सिलिकॉन ९. ऑइल बदललं तरी थोडं जुनं आत राहतंच, त्यामुळे यात काही अंश आधीचाही असणार. तिसरी बाटली दिवाळीनंतर पाठवायचं मालकाने कबूल केलंय, आणि या वेळी किलोमीटर त्यानेच आधी लिहून ठेवलेत.