संगणकाचे कोअर वाढले, मग गल्ल्यावरची रांग का हटली नाही?

आमच्या सोनपेठच्या कापड दुकानातील जुना संगणक बदलायचे ठरले, तेव्हा विक्रेत्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "सेठ, यात कोअर जास्त आहेत, काम झटक्यात होईल." आम्ही पैसे मोजले. बिल निघायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागू लागला. तालुक्याच्या गावातील दुकानदाराला संगणकाचा खर्च म्हणजे हंगामाच्या नफ्यातला मोठा वाटा. म्हणून ही कोअरची भानगड आम्ही समजून घेतली. व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावी म्हणून ती येथे देत आहोत.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील मुनीम. १९९३ साली इंटेल कंपनीचा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सहा कोटी ठोक्यांवर चालत असे. २००४ अखेर पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. अकरा वर्षांत ठोके साठ पटींहून अधिक वाढले. त्या काळी तीन वर्षांचा संगणक खरोखरच म्हातारा होई.

तेथेच गाडी अडली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ मध्येच रद्द केला. कारण उष्णता. ठोके वाढवायचे तर विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की त्याहून कितीतरी जास्त वीज जळून प्रोसेसर तापतो. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागवाले हे चटकन ओळखतील. एकच माग मर्यादेबाहेर पळवला तर धागा तुटतो. उत्पादन वाढवायचे तर दुसरा माग बसवावा लागतो. कंपन्यांनी तेच केले. २००५ साली इंटेल आणि एएमडी या दोघांनीही एका प्रोसेसरमध्ये दोन मुनीम बसवले. हे मुनीम म्हणजेच कोअर. पुढे दोनाचे चार, आठ आणि त्याहूनही जास्त झाले.

ही कल्पना आपल्या राज्याला नवी नव्हती. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. हवामानाच्या अंदाजासारखे काम तुकडे करून अनेकांत वाटता येते. तेथे ही रीत उत्तम चालते.

दुकानाचे काम तसे नाही. ईदच्या गर्दीत चार पोरे कापड दाखवतात, पण गल्ल्यावर माणूस एकच असेल तर रांग तेथे लागतेच. आणखी चार पोरे ठेवली तरी रांग हटत नाही. हाच नियम जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन तज्ज्ञाने १९६७ साली मांडला. दहा तासांच्या कामातील पाच तासांचे काम एकट्यानेच करण्याजोगे असेल, तर मुनीम शंभर ठेवले तरी पाच तास लागणारच. साधे बिल एका मुनिमाचे काम आहे. शिवाय आमची अडचण मुनिमाची नव्हतीच. वही कपाटातून काढण्यातच वेळ जात होता. नव्या संगणकातही फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती. ती काढून एसएसडी बसवल्यावर फरक त्याच दिवशी दिसला.

मग संगणक आता इतक्या लवकर बाद का होतात? आजचा एक कोअर २००४ च्या प्रोसेसरपेक्षा प्रत्येक ठोक्यात जास्त काम करतो, हे खरे. परंतु दुकानाचा संगणक आता बहुधा मंदपणामुळे बाद होत नाही, तारखेमुळे होतो. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी ठरावीक प्रोसेसरांची यादी आहे. २०१७ च्या आरंभी आलेला चार कोअरचा आय-७ ७७०० त्या यादीत नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला, त्याच्यापेक्षा कितीतरी मंद, दोन कोअरचा सेलेरॉन एन ४००० मात्र आहे. कंपनी सुरक्षेच्या सोयींचे कारण देते. घोडा तगडा असला तरी दाखला नाही म्हणून बाजाराबाहेर!

तेव्हा खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? डिस्क एसएसडी आहे काय? मेमरी निदान ८ जीबी आहे काय? बिल, जीएसटी आणि उधारीच्या हिशेबाला चार कोअर पुरेसे होतात. जुना संगणक चालता असेल तर आधी डिस्क व मेमरी बदलून पाहावी. विंडोज ११ त्यावर बसत नसेल, तर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून तो मुलांच्या अभ्यासाला द्यावा.

टाकून द्यायचाच असेल तर ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा, आणि त्याआधी डिस्क काढून घ्यावी. यंत्र जुने झाले तरी त्यातील गिऱ्हाइकांची उधारी जुनी होत नाही. आपली खातेवही आपण कधी भंगारवाल्याला देतो काय?