बुडालेल्या बंदराची साक्ष

इतिहासाच्या तासाला हिरोडोटसचे नाव निघाले की वर्गात थोडीशी खसखस पिकतेच. 'इतिहासाचा जनक' या बिरुदाबरोबर 'थापांचा जनक' हे दूषणही त्याला पूर्वीपासून चिकटले आहे. नाईल नदीच्या कॅनोपिक मुखाशी हेराक्लीसचे देऊळ आहे आणि ट्रॉयच्या पॅरिसचे गलबत हेलनसह तेथेच लागले होते, असे तो लिहितो. हेलनचे राहू द्या, ती काव्याच्या प्रांतातली. पण देऊळ? किनाऱ्यावर त्याचा मागमूसही नव्हता. शिवाय ग्रीकांचे हेराक्लिऑन आणि इजिप्शियनांचे थोनिस ही दोन निराळी गावे, असाच पुष्कळांचा समज होता.

फ्रेंच संशोधक फ्रांक गॉडिओ यांनी इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने १९९६ पासून अबुकीर उपसागराची पाहणी चालविली. पाणी गढूळ, तळाशी गाळाचा थर. तेव्हा डोळ्यांपेक्षा चुंबकमापक यंत्रांवरच अधिक भिस्त. २००० साली किनाऱ्यापासून सुमारे साडेसहा किलोमीटरवर, अवघ्या दहा मीटर खोलीवर देवळाच्या भिंती लागल्या.

तेथेच जवळजवळ दोन मीटर उंचीची एक काळी शिळा निघाली. इ. स. पूर्व ३८० मधील, पहिल्या नेक्टानेबो राजाची ही आज्ञा: ग्रीक समुद्रातून येणाऱ्या सोन्याचांदीचा, लाकडाचा दशांश साइस येथील नीथ देवीस द्यावा. गंमत अशी की, हाच मजकूर कोरलेली शिळा नॉक्राटिस येथे १८९९ मध्येच सापडली होती. दोन्हींत फरक एवढाच की, शिळा कोठे उभारावी ते स्थान निराळे. बुडालेल्या शिळेवर ते स्थान थोनिस आहे, आणि ती मिळाली हेराक्लिऑनच्या देवळात. गाव एकच, नावे दोन!

हे गाव बुडाले कसे? ते वसले होते नदीने आणलेल्या पाणथळ चिकणमातीवर. अवजड दगडी इमारतींचा भार आणि त्यात भूकंपाचा हादरा. पायाखालची माती रबडीसारखी पातळ झाली. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस मुख्य देऊळ कोसळले. उरलेसुरले इसवी सनाच्या आठव्या शतकापर्यंत पाण्याखाली गेले. व्यापार तर अलेक्झांड्रियाने त्यापूर्वीच पळविला होता.

तळाशी सत्तरांहून अधिक जहाजे सापडली आहेत. त्यांतील सतराव्या क्रमांकाच्या जहाजाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बाभळीच्या आखूड फळ्या विटांप्रमाणे रचून लांब खुंट्यांनी जोडतात, असे नाईलवरील 'बारिस' नावाच्या नौकांचे वर्णन हिरोडोटसने केले होते. अशी नौका कोणी पाहिली नव्हती, म्हणून पंडित त्या ओळींवर वाद घालीत राहिले. सतराव्या जहाजाची बांधणी बव्हंशी तशीच निघाली.