भूमध्य समुद्राकांठचें चिवट पान

कण्हेरीचें पान हातांत घेऊन दुमडून पाहावें. तें जाड व चामड्यासारखें चिवट लागतें. (चघळून मात्र पाहूं नये, तें विषारी आहे.) आपल्या अंगणांतील हीच कण्हेर स्पेन-ग्रीसमधील ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून रानटी उगवते. तेथील ऑलिव्ह व सदाहरित ओक यांचीं पानेंही याच घडणीचीं. शिम्पर या जर्मन शास्त्रज्ञानें १८९८ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा झाडांना ‘कठोरपर्णी’ या अर्थाचें नांव दिलें.

आपल्याकडील पाऊस उष्ण ऋतूंतच येतो. तेथें तो हिवाळ्यांत पडतो, आणि उन्हाळा सगळा कोरडा. ज्या दिवसांत ऊन विपुल, त्याच दिवसांत पाणी नाहीं. प्रकाशसंश्लेषणासाठीं पानाला कार्बन डाय-ऑक्साइड वायु हवा. तो सूक्ष्म रंध्रांतून आंत घ्यावा, तर त्याच दारानें बाष्प बाहेर पडतें. वायूच्या एका रेणूमागें पाण्याचे शेंकडों रेणू खर्चीं पडतात. असा हा आंतबट्ट्याचा व्यवहार! म्हणून ऑलिव्हचीं रंध्रें पानाच्या खालच्या बाजूस चंदेरी खवल्यांच्या आड असतात; कण्हेरीचीं लवदार खळग्यांत दडलेलीं असतात. कडक दुपारीं झाड तीं बहुतांशीं मिटूनच घेतें. पाणी वांचतें, पण अन्न तयार होणेंही मंदावतें.

आपला साग कोरड्या दिवसांत पानें झाडून मोकळा होतो. मग हीं झाडें तीं कां जपतात? तेथील थंडी सौम्य असते. शरदांतील पहिल्या सरींबरोबर जुनें पान लगेच कामाला लागतें. शिवाय जाड पान घडविण्यास खर्च फार, तो तें टिकवूनच भरून काढावा लागतो. ऑलिव्हचें पान दोन-तीन वर्षें राहतें. २००४ सालीं जगांतील १७५ ठिकाणच्या २,५४८ वनस्पतींच्या पानांचा ताळेबंद प्रसिद्ध झाला, त्यांतही हाच हिशेब दिसतो: क्षेत्रफळाच्या मानानें जड असलेलें पान हळू कमावतें आणि दीर्घकाळ जगतें.

तथापि हें पान भूमध्य उन्हाळ्यानेंच घडविलें, असें म्हणणें घाईचें होईल. तेथील कोरडा उन्हाळा सुमारें तीस लक्ष वर्षांपूर्वीं स्थिरावला. ऑलिव्ह व ओक यांचीं घराणीं त्याहून पुष्कळ जुनीं. निकस जमिनींतही अशीं पानें आढळतात.

आतां तेथील उन्हाळा अधिक तापूं लागला आहे. रंध्रें फार दिवस मिटलीं तर झाड उपाशी; उघडीं ठेवलीं तर खोडांतील पाण्याची धार तुटते. १९९४ च्या अवर्षणांत ईशान्य स्पेनमधील सदाहरित ओकांचीं रानें जागोजाग करपलीं. त्यांतील पुष्कळ झाडें पुढें पुन्हां फुटलीं. कांहीं फुटलीं नाहींत.