खाडीच्या राखणदार

मुलांनो, भाईंदर पूर्वेच्या नवघरपासून वसईची खाडी फार दूर नाही. या भागात पूर्वापार मिठागरे होती. मिठागरांच्या बांधांपलीकडे, चिखलात उभी असलेली बुटकी हिरवी झाडे तुम्ही पाहिलीच असतील. लोकल गाडी खाडीच्या पुलाजवळ आली की ती काठाकाठाने दिसतात. या झाडांना मराठीत खारफुटी म्हणतात आणि त्यांच्या रानाला कांदळवन. त्यांत तिवराची झाडे पुष्कळ असतात. गंमत पाहा, कराचीच्या किनाऱ्यावर याच झाडाला ‘तिमर’ म्हणतात. तेव्हा हा शब्द लक्षात ठेवणे तुम्हाला जड जाऊ नये!

खाऱ्या पाण्यात इतर झाडे मरतात, मग तिवर कसे जगते? शोषलेले जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. म्हणून त्याचे पान चाटले तर खारट लागते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळे पेन्सिलींसारखी जमिनीबाहेर डोकावतात आणि श्वास घेतात. या मुळांच्या जाळ्यात भरतीचे पाणी मंदावते, गाळ तेथेच बसतो, लाटेचा जोर ओसरतो. कोळंबी, खेकडे आणि मासळीची पिल्ले याच जाळ्यात लपतात व वाढतात.

आता हे रान अधिकच मोलाचे झाले आहे. पृथ्वी तापत आहे. तापलेले पाणी पसरते, हिमनद्या वितळतात आणि समुद्राची पातळी वाढते. २०२० साली ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. २०२१ साली ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याला घासून गेले. सिमेंटची भिंत बांधली तर ती झिजते, खचते. कांदळवन मात्र गाळ साठवत वाढत राहते. अर्थात प्रत्येक वादळ ते अडवील असे नाही. पण तडाखा सौम्य करते.

पण त्याची राखण कोणी करायची? कायदा आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. तरीही खाडीच्या प्रत्येक वळणावर पहारेकरी उभा करता येत नाही.

याचे एक उत्तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला सापडते. कोकणात खाडीतले शिंपले आणि कालवे वेचण्याचे काम बहुतेक बायकाच करतात. त्यामुळे खाडीतला बदल त्यांना लवकर कळतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीकाठी मच्छीमार कुटुंबांतल्या काही महिलांचा ‘स्वामिनी’ नावाचा बचत गट आहे. २०१७ साली त्यांनी कांदळवन सफर सुरू केली. कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांची त्यांना मदत झाली. या महिला स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना खाडीत फिरवतात. हे तिवर, हे कांदळ. याची मुळे कमानीसारखी का, याचे बी झाडावरच कसे रुजते, हे सारे त्या समजावून सांगतात. त्यासाठी आधी त्यांनी झाडे आणि पक्षी ओळखण्याचे शिक्षण घेतले. पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या झाडांकडे त्यांनी नव्याने पाहिले, असे म्हणायला हरकत नाही.

येथे एक हिशेब लक्षात घ्या. झाड तोडले तर सरपण एकदाच मिळते. ते उभे राहिले तर पाहुणे येत राहतात, मासळीही वाढते आणि घरात पैसा येतो. नुसत्या उपदेशापेक्षा हा हिशेब मला अधिक भक्कम वाटतो. मात्र तो बिनधोक नाही. २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या देशात पर्यटन थांबले. तेव्हा केवळ पाहुण्यांवर विसंबून चालणार नाही. म्हणून किनाऱ्यावर बचत गटांना कांदळवनात खेकडे पाळण्याचे कामही दिले जाते. हे खेकडे जाळीच्या कुंपणात वाढवतात. त्यासाठी झाडे तोडावी लागत नाहीत, उलट ती असावीच लागतात.

नवघरसारख्या शहरी वस्तीजवळ धोका निराळा असतो. येथे कुऱ्हाडीपेक्षा भरावाची भीती जास्त. बांधकामाचा राडारोडा टाकून भरतीची वाट बुजवली की झाडाला धक्का न लावताही ते मरते. पाणी आत येत नाही, साचलेले बाहेर जात नाही, श्वास घेणारी मुळे गाडली जातात. रोज खाडीत होडी घालणाऱ्या बाईला पाणी अडल्याचे त्याच दिवशी कळते. लोकलच्या खिडकीतून पाहणाऱ्याला मात्र झाडे वाळल्यावरच.