बापाने लिहून दिलं, तरी मुलाची पोटगी सुटत नाही

आज आपण एका कागदाबद्दल बोलणार आहोत. नवराबायकोचं पटेनासं झालं, की भावकीतली चार माणसं बसतात, स्टॅम्पपेपर आणतात. नवरा लिहून देतो, ‘मुलावर माझा हक्क नाही, ताबा नको, भेट नको.’ त्याखालीच बायकोकडून लिहून घेतात, ‘मुलाच्या खर्चाला मी कधी काही मागणार नाही.’ सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो. पुढे कितीतरी जणी एकट्यानेच फी, दवाखाना, वह्यापुस्तकं ओढत राहतात. त्यांना वाटतं, सही केली, आता बोलायला तोंड नाही.

मैत्रिणींनो, तोंड आहे. कारण मुलाची पोटगी ही मुलाची आहे. आपण आया ती फक्त त्याच्या वतीने मागतो. मुलाच्या नावावर शेत असेल, तर ते आईबापालाही परस्पर विकता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. पोटगीचंही तसंच समजा. जे आपलं नाही, ते आपण सोडून कसं देणार? कोर्टातून दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला आणि त्यात ‘मुलाचा खर्च मागणार नाही’ असं लिहिलं, तरी मुलाचा हक्क संपत नाही.

बापाचंही तेच. त्याला मुलाला भेटायचं नसेल, तर कोर्ट बळजबरीने माया करायला लावू शकत नाही. पण हक्क सोडला म्हणून जबाबदारी सुटत नाही. लग्न न होता मूल झालं असेल, तरीही बापाला पोटगी द्यावी लागते. आईने दुसरं लग्न केलं, एवढ्यानेही पहिल्या बापाची सुटका होत नाही. नव्या नवऱ्याने किंवा दुसऱ्या कुणी ते मूल कायदेशीर दत्तक घेतलं, तर मात्र जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर जाते. त्यामुळे दत्तकाच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला जरूर विचारा.

उलट बाजूही सांगतो. तो पैसे देत नाही म्हणून मुलाला भेटू द्यायचं नाही, असं आपल्या मनाने ठरवू नका. भेट आणि पोटगी हे दोन वेगळे विषय आहेत.

आता अर्ज कुठे करायचा? १ जुलै २०२४ पासून जुन्या १२५ कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. ते सगळ्या धर्मांना लागू आहे. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे, नाहीतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत पोटगी मिळते. अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे ते स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर पुढेही मिळते. हिंदू मुलीला १९५६ च्या कायद्याने लग्न होईपर्यंत मागता येते.

मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, फी आणि औषधांच्या पावत्या जमवा. बापाची कमाई दाखवणारं काहीही चालेल: पगारपत्रक, सातबारा, दुकानाचा किंवा गाडीचा फोटो. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दोघांनाही आपली मिळकत शपथेवर सांगावी लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून उशीर करू नका. आपण कमावत्या असलो, तरी त्याचा वाटा माफ होत नाही. रक्कम ठरवताना दोघांची कमाई पाहतात, एवढंच. निकालाला वेळ लागणार असेल, तर अंतरिम पोटगी मागा. नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा सांगतो.

आदेश होऊनही त्याने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा अर्ज करा, पण थकल्यापासून एका वर्षाच्या आत. वॉरंट निघतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली तरी थकबाकी फिटत नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. बाईला आणि मुलाला, कमाई कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. फोन करायचा तर नंबर १५१००.

तो जुना कागद फाडू नका. वकिलाला दाखवा. बापाने जबाबदारी टाळली, याचा तोच पुरावा ठरू शकतो.