मनाच्या आजारात ताटाचा वाटा

नोव्हेंबर १९४४. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ३६ धडधाकट तरुण राहायला आले. युद्धात बंदूक धरायला त्यांनी नकार दिला होता. त्याऐवजी उपासमारीच्या प्रयोगाला ते स्वखुशीने तयार झाले होते. युरोपात भुकेने खंगलेल्यांना पुन्हा कसं उभं करायचं, हे आन्सेल कीज या शास्त्रज्ञाला शोधायचं होतं. पुढच्या वर्षी सहा महिने या तरुणांना जवळपास निम्म्याच जेवणावर ठेवलं गेलं. वजन घटणार हे ठाऊकच होतं. पण त्यांची मनंही खचली. एरवी हसणारी-बोलणारी मुलं एकलकोंडी आणि चिडखोर झाली. ताटल्या चाटूनपुसून खाऊ लागली, पाककृतींची पुस्तकं तासन्‌तास वाचत बसली. जेवण वाढवल्यावरही कित्येकांचं मन लगेच ताळ्यावर आलं नाही.

मनाने निरोगी असलेल्या माणसांची केवळ अन्न तुटल्याने ही गत होते. मग आधीच नैराश्याने ग्रासलेल्याचं जेवण सुधारलं तर?

ऑस्ट्रेलियातल्या फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याचे ६७ रुग्ण होते, सगळ्यांचंच खाणं निकस. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने १२ आठवड्यांत सात वेळा भेटून कोंड्यासकट धान्य, कडधान्यं, भाज्या, फळं, मासे, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल यांची सवय लावली. उरलेल्यांनाही तितकाच वेळ कुणीतरी भेटत होतं, गप्पा मारत होतं. फक्त आहाराचा विषय काढत नव्हतं. शेवटी आहार बदललेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण आठ टक्के होतं. अभ्यास लहान होता आणि आपण कोणत्या गटात आहोत हे आहारगटापासून लपवणं शक्यच नव्हतं, म्हणून या आकड्यांनी हुरळून जायला नको. तरी नुसत्या सोबतीपेक्षा जेवणाने जास्त काम केलं, ही गोष्ट लहान नाही.

हीच पोषकद्रव्यं गोळीत भरून दिली तर? युरोपातल्या चार देशांत १,०२५ जणांवर तेही करून पाहिलं गेलं. वजन जास्त आणि मन थोडं उदास, अशी ही माणसं होती. वर्षभर पूरक गोळ्या घेऊनही त्यांच्यात नैराश्य येण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

शरीरात एखाद्या घटकाचा खरोखर तुटवडा असेल, तर मात्र गोळी किंवा इंजेक्शन हवंच. आपल्याकडे तो घटक अनेकदा बी-१२ असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहरातल्या आणि खेड्यातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी निघालं. मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायला ते लागतं आणि ते मिळतं दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून. वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं की थकवा येतो, तळपायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, उदास वाटतं. घरातले म्हणतात, ‘तू उगाच मनाला लावून घेतेस.’ साध्या रक्ततपासणीत कळणारी गोष्ट अशी वर्षानुवर्षं स्वभावाच्या खात्यावर जमा होते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर ही तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्यावी.

भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही; खाणाऱ्यांसाठी बांगडा किंवा अंडं. चांगल्या आहारासाठी परदेशी तेलाची बाटली आणावी लागत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. नैराश्यात भूक मरते किंवा गोडाधोडावर हात जातो. भाजी निवडण्याचंही त्राण उरत नाही. घरातल्या सगळ्यांचे डबे भरून स्वतः चहा-बिस्किटांवर दिवस काढणारी बाई अशीच कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या हातात आहाराचा तक्ता देऊन भागत नाही. कुणीतरी स्वयंपाक करून तिला वाढायला हवं, ती जेवेपर्यंत शेजारी बसायला हवं.

आणि चालू असलेलं औषध मनाने बंद करायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या ६७ जणांपैकी ५५ जण औषधं, समुपदेशन किंवा दोन्ही घेत होते. जेवणातला बदल त्या उपचारांच्या जोडीने झाला होता.