अंगणातलं इंजिन आणि कपाटातलं आरसी बुक

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या कुठल्याही वसाहतीतून संध्याकाळी एक चक्कर मारा. चार घरांआड एखाद्या अंगणात जुनी मारुती नाहीतर जीप बॉनेट उघडं टाकून उभी दिसेल. खाली पोतं अंथरलेलं, त्यावर नट-बोल्ट, शेजारी काळ्या तेलाचं घमेलं आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय! आपल्याकडे गाडी म्हातारी झाली म्हणून कुणी लगेच टाकून देत नाही. इंजिन धूर मारायला लागलं की "दुसरं टाकू", गिअर अडकायला लागला की "बॉक्सच बदलू" असं ठरतं.

आमचं छत्रपती संभाजीनगर तर गाड्यांचंच शहर. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून, शेंद्र्याला स्कोडाचा २००१ पासून. त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या लहान-मोठ्या वर्कशॉपांमध्ये हजारो हात लोखंडाशी खेळतात. अशा हातांना घरी आल्यावरही चैन पडत नाही. जुन्या बाजारातून इंजिन आणायचं आणि रविवारी अंगणात गाडी खोलायची, हा कित्येक घरांतला उद्योग आहे. त्यात कौतुकाचंही पुष्कळ आहे.

मग हा विषय बायकांच्या पानावर कशाला, असं वाटेल. पण बघा हं, इंजिनासाठी गंठण गहाण पडतं ते कुणाचं? गाडी घराच्या पोटापाण्याची असेल आणि ती बंद पडली, तर हप्त्याची ओढाताण कुणाच्या वाट्याला येते? आणि देव न करो, अपघात झाला तर कागदांची पिशवी घेऊन विमा कंपनीच्या पायऱ्या कोण चढतं? म्हणूनच गाडीखाली काय चाललंय हे आपल्याला थोडं तरी कळायला हवं.

हे काही अवघड शास्त्र नाही. इंजिन इंधन जाळून ताकद तयार करतं. ती ताकद चाकांपर्यंत कशी पोचवायची, हे गिअरबॉक्स ठरवतो. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन बरेच फेरे घेतं. म्हणून वेग कमी पण जोर जास्त मिळतो. कन्नडचा औट्रम घाट चढताना ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो तो याचसाठी. सपाट रस्त्यावर जोर कमी लागतो, तेव्हा वरचा गिअर टाकून वेग घ्यायचा. आणि गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत करून पुन्हा जोडून देतो तो क्लच. झालं!

या गिअरच्या गोष्टीत एक बाई आहे, हे ठाऊक आहे का? जर्मनीतल्या कार्ल बेंझने मोटार बनवली, पण ती लोकांना दाखवायचं धाडस केलं त्याच्या बायकोने, बर्था बेंझने. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरावर किलोमीटरचा तो प्रवास! इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर मात्र गाडी दम तोडायची, मुलांना उतरून ढकलावी लागायची. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. आणि त्याने तो बसवला. तेव्हा "तुला गाडीतलं काय कळतं" असं कुणी म्हणालं, तर बर्थाबाईंचं नाव जरूर घ्या!

आता इंजिन बदलण्याकडे वळू. पातेलं एकाचं आणि झाकण दुसऱ्याचं असलं की काय होतं ते आपण रोज बघतो. कधी सैल, कधी घट्ट, आणि वाफ तर हमखास बाहेर. इंजिनाचंही तसंच. त्याच मॉडेलचं त्याच जातीचं इंजिन असेल तर ते जागेवर नीट बसतं. पण हलक्या पेट्रोल गाडीत जड डिझेल इंजिन टाकलं की पुढचा भाग दबतो, स्टेअरिंग जड होतं. गॅरेजवाले ज्याला फाउंडेशन म्हणतात ते इंजिनाचे रबरी आधार जुळत नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या तोंडाचे बोल्ट जमत नाहीत, मग मध्ये जाड प्लेट बनवून घ्यावी लागते. रेडिएटर अपुरा पडतो. जोरदार इंजिनाला लेचापेचा गिअरबॉक्स लावला तर क्लच घसरतो नाहीतर दात तुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक जुनेच राहतात. पळायची ताकद वाढली, थांबायची नाही. हे आपल्या लक्षात राहायलाच हवं.

अलीकडच्या गाड्यांत तर इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक बघतो. त्याच्या वायरी आणि सेन्सर जुळले नाहीत तर इंजिन नुसतं ठोकळ्यासारखं पडून राहतं. म्हणून "पूर्वी आम्ही जीपचं इंजिन एका दिवसात बदलायचो" ही काकांची गोष्ट आजच्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

कंपन्यासुद्धा एकाच्या गाडीत दुसऱ्याचं इंजिन बसवतात बरं का. मुंबईच्या कुर्ल्याला जिथे पद्मिनी बनायची, त्याच प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये '११८ एनई' नावाची गाडी काढली. अंगकाठी फियाटची आणि इंजिन जपानच्या निस्सानचं! नावातलं 'एनई' म्हणजे निस्सान इंजिनच. पुढे १९९० च्या दशकात अॅम्बॅसडरलाही जपानी इसुझूचं इंजिन आणि त्याच्या जोडीला पाच गिअरचा बॉक्स मिळाला. पण कंपनी नुसतं इंजिन बदलत नाही. त्याबरोबर बाकीची गाडी तपासते, चाचण्या करते, सरकारची मंजुरी घेते आणि मगच गाडी रस्त्यावर आणते. आपल्या अंगणात यातलं किती होतं?

इथे आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातले आणि जुन्या गाड्यांचे भाग जोडून मुलासाठी एक छोटी जीप तयार केली. खर्च साधारण साठ हजार रुपये. आणि गंमत म्हणजे ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी या गाडीचं जाहीर कौतुक केलं. पण कौतुकाबरोबर एक खरी गोष्टही त्यांनी सांगितली. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावर आणण्यापासून थांबवली जाईल. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळालीही.

आपण सगळ्यांनी ती बातमी वाचून टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येक अंगणासमोर बोलेरो येऊन उभी राहत नाही. बाकीच्यांना नियमाचाच सामना करावा लागतो. तेव्हा नियम काय म्हणतो ते साध्या शब्दांत बघू.

गाडीच्या आरसी बुकावर दोन नंबर असतात, चासीचा आणि इंजिनाचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, आरसीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी तशाच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यायची आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी करायची असेल, तर मंजूर किटच बसवायचं आणि त्याचीही नोंद करायची. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा बॉक्स टाकणं ही सरळ दुरुस्ती झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, इथे कायदा मालकाला धरतो. आणि हल्ली हौसेने किंवा सवलतीसाठी गाडी बायकोच्या नावावर घेतलेली असते!

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. नवऱ्याचा छोटा टेम्पो, भाजीच्या फेऱ्या करायचा. इंजिन बसलं म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडून भंगारातलं दुसरं टाकून घेतलं. ना पावती, ना नोंद. ताईंचं गंठण तेव्हाच गहाण पडलं होतं. पुढे टेम्पो उलटला. माणूस वाचला, पण पाय मोडला. विम्याचा तपासनीस आला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. जुळला नाही. क्लेम तिथेच अडकला. "मला काय म्हाईत इंजिनालाबी नंबर असतो म्हणून!" हे ताईंचे शब्द अजून कानात आहेत. नवरा खाटेवर, टेम्पो अंगणात आणि हप्ते ताईंच्या शिलाई मशीनवर. तेव्हापासून आमच्या गटात गाडीच्या कामासाठी कर्ज मागितलं की आधी आरसी आणि विम्याचा कागद टेबलावर ठेवायचा, असा नियमच करून टाकलाय.

भंगारातल्या इंजिनाचा दुसरा धोका म्हणजे ते कुणाचं होतं हेच माहीत नसतं. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतात. म्हणून पावती हवीच. त्यावर इंजिनाचा नंबर आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. ते इंजिन कुठल्या गाडीतलं, तिचे कागद कुठे, हेही विचारायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्यायची. आणि बदल झाल्यावर विमा कंपनीला नवा नंबर कळवायचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती वाढवायला गेलात की तपासणी होते, तेव्हा तर हे लपून राहतच नाही.

हिशोबाचंही तसंच. "इंजिन स्वस्तात मिळालं" हे वाक्य ऐकलं की वही काढा. इंजिनाची किंमत ही सुरुवात असते. क्लच प्लेट, ऑइल, होज पाइप, फाउंडेशन, वायरिंग, लेथवरची कामं, आरटीओची फी आणि गाडी उभी असताना बुडालेली मजुरी हे सगळं मांडा. ती बेरीज गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर गाडी विकून टाकणं शहाणपणाचं. असलेल्याच इंजिनाचं काम करून घेणं कित्येकदा परवडतं आणि नंबरही तोच राहतो.

आणि काम अंगणातच होणार असेल, तर एवढं आपण नक्की पाहू शकतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेत. इंजिन कडुलिंबाच्या फांदीला टांगायचं नाही. चेन-पुली आणि तिला पेलणारा घोडा भाड्याने मिळतो. सुरुवातीलाच बॅटरीची वायर काढायची. पेट्रोल काढून ठेवलं असेल तर जवळ चूल, शेगडी, विडी-काडी नको. लहान मुलांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. जळकं ऑइल नालीत किंवा झाडाच्या बुडाशी ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यायचं.

हे सगळं लिहिण्यामागे मुलांचा किंवा नवऱ्याचा छंद बंद पाडायचा हेतू मुळीच नाही. हाताला लोखंडाची सवय असणं ही मोठी विद्या आहे. मुलाला त्यात गोडी असेल तर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिथे धाडा. आणि मुलीला गोडी असेल तर तिलाही धाडा! आपल्या परभणीच्या शीला डावरे १९८८ मध्ये पुण्यात जाऊन रिक्षा चालवायला लागल्या आणि देशातली पहिली महिला रिक्षाचालक ठरल्या. स्टेअरिंगपर्यंत आपण कधीच पोचलोय, आता बॉनेटही उघडू या.

तर मैत्रिणींनो, आज दुपारची भांडी आवरली की एक काम करा. कपाटातलं आरसी बुक आणि विम्याचा कागद काढा. घरातल्या जाणत्या माणसाला इंजिनावरचा नंबर दाखवायला सांगा आणि तिन्ही नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. जुळले तर आनंद आहे. नाही जुळले, तर अपघाताची वाट न बघता उद्याच दोघांनी मिळून आरटीओत जा.